उजवीकडची पानं

इरा आणि नील,

गेल्या रविवारी इराने मला फोनवर एक प्रश्न विचारला आणि मी "लिहून कळवते" म्हणून फोन ठेवला. इराच्या लीड्सच्या शाळेत, वर्गाच्या भिंतीवर चार देशांची चार चिन्हं लावली आहेत. इंग्लंडचा गुलाब, स्कॉटलंडचं काटेरी थिसल, वेल्सचं डॅफोडिल आणि आयर्लंडचं तीन पानांचं शॅमरॉक. ज्यांचं घर दुसऱ्या देशातून आलं आहे त्यांनी आपापलं आणावं, असं बाईंनी सांगितलं. इराने कमळ, मोर आणि वाघ शोधून ठेवले होते. तरी तिचं समाधान झालं नव्हतं. "आजी, हे तर सगळ्या इंडियाचं झालं. शहापूरचं फूल कुठलं?"

खरं सांगायचं तर या प्रश्नाची उत्तरं एके काळी माझ्याच शाळेच्या कपाटात होती, शेकडो मुलांच्या अक्षरात. ती मीच रद्दीत दिली. ज्यांनी ती जमवली होती ते गृहस्थ आता नाहीत. म्हणून त्यांच्याबद्दल आत्ताच लिहायला बसले आहे.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं. पण त्यांचं काम मी एकदा इंग्रजीत उतरवलं आहे आणि तिथेच चुकले आहे. हे आईकडून वाचून घ्या.

त्यांना सगळे बावटे सर म्हणत. खरं आडनाव वेगळं होतं, पण ते हजेरीपटाबाहेर कोणी वापरलं नाही. बावटा म्हणजे झेंडा. नववीच्या पहिल्या तासाला सर आत यायचे, एक शब्द न बोलता फळ्याकडे वळायचे आणि ब्रिटनचा झेंडा काढायचे. हातात पट्टी नाही, दोरा नाही, फक्त तीन खडू. आधी स्कॉटलंडची तिरकी पांढरी फुली, मग तिच्यात जराशी सरकवून बसवलेली आयर्लंडची तांबडी फुली, आणि सगळ्यांवर इंग्लंडचा उभा-आडवा तांबडा क्रॉस. उरलेल्या जागेत निळा खडू आडवा धरून घासायचे. खडूची धूळ झटकत मागे वळले की विचारायचे, "ह्या बावट्यात तीन देश हायत. चौथा कुठं गेला?"

चौथा म्हणजे वेल्स. झेंडा ठरला तेव्हा वेल्सला इंग्लंडच्या पोटात धरलं होतं, त्यामुळे त्याला त्यात जागाच मिळाली नाही. सर हे रंगवून सांगायचे. वेल्सवाल्यांकडे लाल ड्रॅगन आहे, कांद्याच्या पातीसारखं लीक आहे, स्वतःची भाषा आहे, फक्त बावट्यात ते नाहीत. एका वर्षी मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, आमच्या पाड्याचं नाव पन यष्टीच्या पाटीवर नाय." सर इतके खूश झाले की त्यांनी तिला पुढे बोलावून फळ्यावर, वेल्सच्या बरोबर समोर, तिच्या पाड्याचं नाव लिहायला लावलं.

सर मुरबाड तालुक्यातले, सिद्धगडाच्या पायथ्याच्या गावातले. भातशेती करणारं घर. इंग्रजी शिकले ते बरंचसं रेडिओवरून. गावात एकाच घरी रेडिओ होता आणि संध्याकाळी त्या घरच्यांच्या गुरांना पाणी दाखवायच्या बदल्यात यांना इंग्रजी बातम्या ऐकायला मिळत. त्यामुळे वर्गात त्यांचं इंग्रजी बातम्या वाचल्यासारखं सावकाश आणि स्वच्छ असे, आणि वर्गाबाहेर आले की ते पुन्हा आपल्या बोलीत शिरत. विलायत त्यांनी कधी पाहिली नाही. पाहायची इच्छाही बोलून दाखवली नाही. एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाले, "गेलो तर पावसात भिजंन नि परत येईन. ते हितंबी व्हतं."

मी मुंबईत वाढले, कॉन्व्हेंटमध्ये शिकले, इंग्रजी घेऊन बी.ए. झाले. तुमच्या आजोबांशी लग्न झाल्यावर शहापूरला आले आणि याच शाळेत लागले. शाळा आतल्या बाजूला होती. शेणव्याकडची मुलं चालत किंवा सायकलवर येत, डोळखांबच्या डोंगराळ भागातल्या पाड्यांवरची मुलं वसतिगृहात राहत. सर माझ्याहून दहा वर्षांनी मोठे होते, तरी मला "बाई" आणि "तुमी" म्हणत. मी मनातल्या मनात त्यांना थोडं कमीच लेखत होते. कॉन्व्हेंटने इंग्रजीबरोबर तेही शिकवलं होतं.

पहिल्याच वर्षी माझा तोरा उतरला. शाळेत इंग्रजीचा कार्यक्रम होता आणि मी पतंगाच्या कागदाचा ब्रिटिश झेंडा करून काठीला चिकटवला. मला तो सुबक वाटला. सर आले, पाहिलं, आजूबाजूला कोणी नाही याची खात्री केली आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, काठीकडच्या अंगाला जाड पांढरी पट्टी वर पायजे. तुमची खाली गेली. उलटा बावटा म्हंजे जहाज संकटात हाय, मदतीला या." मग त्यांनी ओल्या बोटाने खळ सोडवली, कागद पालथा केला आणि पुन्हा चिकटवला. झेंडा बरोबर झाला. याबद्दल त्यांनी कुणाकडे कधी अवाक्षर काढलं नाही.

आता त्यांच्या जोडवहीबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. नववीच्या प्रत्येक मुलाला ते एक वही करायला लावत. डाव्या पानावर ते सांगतील ते ब्रिटनचं, इंग्रजीत. त्यांच्या राजचिन्हातला सिंह आणि साखळीने बांधलेला एकशिंगी युनिकॉर्न, लंडनच्या टॉवरमधले कावळे, राजाला उडवायचा कट फसला म्हणून पेटवतात ती पाच नोव्हेंबरची आग, राजाच्या दूताच्या तोंडावर आपटतात ते पार्लमेंटचं दार. उजवं पान कोरं सोडायचं. घरी जायचं, आजीला, आजोबाला, शेजाऱ्याला विचारायचं की आपल्याकडे याच्या जोडीला काय आहे. ते आधी घरच्या बोलीत लिहायचं, मग त्याखाली स्वतःच्या इंग्रजीत.

वर्ष संपलं की सर वह्या गोळा करून जुन्या लुगड्याच्या पट्टीने बांधून कपाटात ठेवत. पुढच्या वर्षीच्या मुलांना आधी ती गाठोडी उघडावी लागत. आपल्या काकाने, मोठ्या बहिणीने काय लिहिलं आहे ते शोधायचं आणि त्यात नसलेलं काहीतरी आणायचं. "काकाचं नको. काकाचं आलं माझ्याकडं. नवं आन," असं ते म्हणत. अशी बावीस वर्षांची बावीस गाठोडी होती.

या वह्या वाचताना सर स्वतःशी हसत. त्यांची मतं ठाम असत. पाच नोव्हेंबरच्या आगीसमोर कोणी होळी लिहिली की ते म्हणत, ती सगळ्या देशाची, आपली सांग. मग एका मुलाने राब लिहिला. उन्हाळ्यात शेताच्या एका तुकड्यात पालापाचोळा आणि शेण पसरून भाजतात आणि पुढे त्याच जागी भाताचं रोप करतात, तो राब. सरांनी वर्गाला सांगितलं, "त्यांची आग राजा वाचला म्हून. आपली आग रोप वाचावं म्हून." सेंट जॉर्जने ड्रॅगन मारला, या पानासमोर कोणीतरी वेशीवरच्या वाघदेवाचा दगड लिहिला होता. त्यावर सर म्हणाले, "त्यांनी जनावर मारनाऱ्याला संत केला. आपन जनावरालाच देव केला."

टॉवरमधले कावळे उडून गेले तर राज्य बुडेल, अशी इंग्रजांची समजूत आहे, हे तुम्हाला ठाऊक असेल. त्याच्या जोडीला पितृपक्षातला कावळा यायचाच. सर दोन्ही बाजूंना सारखंच बोलत. "दोघांनी कावळा धरून ठेवलाय. त्यांनी पंख कातरून, आपन घास ठेवून."

चहाच्या पानाचं मात्र त्यांना फार हसू येई. इंग्रज लोक कपात दूध आधी घालायचं की चहा आधी यावर वाद घालतात, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. स्वतः ते गवती चहा घातलेला कोरा चहा पीत. "आमच्यात दूधच नाय. भांडन मिटलं," म्हणत.

आणि रांग. रांग लावणं ही इंग्रजांची खरी परंपरा, बाकी सगळं दिखाऊ, असं त्यांचं मत होतं. शहापूरच्या एसटी स्टँडवर माणसांचा घोळका दारावर तुटून पडलेला असे आणि सर बाजूला फलाटाच्या कडेला सरळ उभे राहत. एकटेच. कुणी हसलं तर सांगत, "रांगेत पयला मानूस कुनीतरी असतोच." त्यांच्या कित्येक गाड्या अशा सुटल्या.

मी त्यांना एकदा स्पष्ट विचारलं होतं की इंग्रजीच्या तासाला हे उजवं पान कशासाठी. ते म्हणाले, "पोर इंग्रजी शिकली, उद्या कुनी गोरा भेटला. त्याला काय सांगंल? त्याच्याच रानीचं? ते त्याला ठावं हाय."

मी हसले होते. मला वाटलं, या मुलांना कुठला गोरा भेटायला.

मग मी मुख्याध्यापिका झाले. तुम्हाला माझी सवय माहीत आहे. माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या असतात आणि तुमच्या आईची शाळेची प्रगतिपुस्तकं अजून वर्षवार लावलेली आहेत. शाळेचंही मी तसंच केलं. कपाटं आवरली, दप्तर लावलं. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत तपासणीला एक साहेब आले. त्यांनी सरांच्या वर्गातली एक वही उचलली आणि ती नेमकी उजव्या पानावर उघडली. राब, शेण, पाला, सगळं मोडक्यातोडक्या इंग्रजीत. साहेबांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि विचारलं, "ही इंग्रजीची वही आहे की शेतीची?" सर शांतपणे म्हणाले, "दोन्हींची." साहेब हसले. मी नाही हसले.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी एक काम हाती घेतलं. सगळी गाठोडी सोडून चांगल्या अक्षरातल्या वह्या निवडल्या, त्यातली डावी पानं एकत्र केली, इंग्रजी सुधारलं आणि एक पुस्तिका तयार केली. ब्रिटनची चिन्हं, इतिहास आणि चालीरीती, इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी. आत 'संकलन' म्हणून सरांचं नाव घातलं. मला त्यांचा मान राखायचा होता, हे खरं आहे. मला त्यांच्या वर्गातल्या मुलांच्या इंग्रजीची लाज वाटत होती, हेही खरं आहे.

पुस्तिका छापायला गेल्यावर मी कपाट रिकामं करायला घेतलं. आमच्या शिपायाने गाठोडी दाराशी आणून ठेवली आणि तिथेच थांबला. म्हणाला, "बाई, सरांना इचारलं असतं. ते गावाला हायत, राब भाजायला."

मी म्हटलं, "त्यात विचारायचं काय? डावी बाजू मी सगळी उतरून घेतली आहे."

बावीस गाठोडी टेम्पोतून गेली. त्या वर्षीच्या वह्याही त्यांतच होत्या. कपाट पुसून घेतलं आणि त्यात नकाशे लावले. त्या संध्याकाळी मला काम पूर्ण झाल्याचं समाधान वाटलं होतं, हेही तुम्हाला सांगितलं पाहिजे.

जूनमध्ये शाळा उघडली. मी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर पुस्तिका सरांच्या हातात दिली. त्यांनी आधी मुखपृष्ठ पाहिलं. छापखान्याने झेंडा उलटा छापला होता, आणि प्रत तपासूनही माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. त्यांनी पुस्तिका गोल फिरवून पाहिली. तो झेंडा कसाही फिरवला तरी उलटाच राहतो, हे मला त्या दिवशी कळलं. "त्या वक्ताला पतंगाचा कागद व्हता," ते म्हणाले, "पालथा केला नि भागलं. ह्याला तसं व्हनार नाय." सगळे हसले. मीही.

मग त्यांनी एकेक पान उलटलं. शेवटपर्यंत गेले. पुन्हा पहिल्या पानाशी आले.

"उजवी पानं कुठं हायत, बाई?"

"ती रद्दीत दिली, सर. परीक्षेला लागत नव्हती. आणि चुका फार होत्या."

"चुका व्हत्या," ते म्हणाले. पुस्तिका मिटली. "पोरं पयल्यांदा सांगत व्हती. पयल्यांदा सांगताना चुकतंच."

एवढंच बोलले. दुपारी अर्धी रजा टाकून ते एसटीने शहापूरला गेले, रद्दीवाल्याला शोधून काढलं. माल मे महिन्यातच कागदाच्या कारखान्याकडे गेला होता. संध्याकाळी परतले तेव्हा मी फाटकापाशी होते. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "गेलं." आणि छत्री काखेत धरून खोलीकडे चालू लागले.

त्यांनी भांडण केलं असतं तर मला सोपं गेलं असतं. ते माझ्याशी पूर्वीसारखेच वागले. माझी पुस्तिका त्यांनी निवृत्त होईपर्यंत दोन वर्षं नेमाने शिकवली. एकच गोष्ट मी व्हरांड्यातून जाताना पाहायची. फळ्याच्या मधोमध ते पूर्वीसारखीच उभी रेघ मारत. डावीकडे पुस्तिकेतला धडा लिहीत. उजवी बाजू तास संपेपर्यंत कोरी राही. पुढच्या तासाच्या शिक्षकांनी त्या रिकाम्या जागेत गणितं घातली तर सर ती पुसत आणि पुन्हा रेघ मारत. मुलांना त्याचं काही वाटत नसे. ती रेघ कशासाठी, हे त्या वर्गात आता कुणालाच माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी एकदा जरी आत जाऊन म्हटलं असतं, की सर, उद्यापासून पुन्हा जोडवही सुरू करा, तर त्यांनी केली असती. मी मुख्याध्यापिका होते. मला कुणाची परवानगी लागत नव्हती. चूक कबूल करावी लागली असती, एवढंच.

निवृत्त होऊन ते गावी गेले. पुढे मीही निवृत्त झाले. सहा वर्षांपूर्वी एका लग्नाहून परतताना ते मला मुरबाडच्या एसटी स्टँडवर दिसले. ऐंशीच्या वर वय, पाठ जराशी वाकलेली, आणि फलाटाच्या कडेला एकटेच रांगेत उभे. मी जाऊन त्यांच्या मागे उभी राहिले. त्यांनी मान वळवून पाहिलं आणि म्हणाले, "आज रांग वाढली."

मी त्यांना तुमच्याबद्दल सांगितलं. लेक लीड्सला असते, दोन नातवंडं आहेत. "मंग त्यांना इचारतील," म्हणाले.

"काय विचारतील?"

"तुमच्याकडं काय हाय, म्हून."

तेव्हा मला बोलता आलं. इतक्या वर्षांनी. मी म्हटलं, सर, माझं चुकलं. मी वही घेऊन तुमच्या गावी येते, तुम्हाला आठवेल ते सांगा, मी उजवी पानं पुन्हा लिहून काढते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "या," म्हणाले. "पन बेगीन या. मला आता नावं आठवंनाशी झालीत."

मी दुसऱ्याच दिवशी बाजारातून दोनशे पानी वही आणली आणि उजव्या पानांवर रेघा मारून ठेवल्या. मग माझे गुडघे दुखले. मग ऊन फार होतं. मग तुम्ही आलात, ते दिवस तुमचे होते. मग साथीची वर्षं आली. वही टेबलावर होती आणि दर दिवाळीला मी तिच्यावरची धूळ पुसत होते. सर दोन वर्षांपूर्वी, भातकापणीच्या दिवसांत गेले. मला चार दिवसांनी कळलं. मी पत्र पाठवलं. गेले नाही.

इराच्या फोननंतर मी सरांच्या घरी फोन लावला. त्यांच्या बायकोने घेतला. त्यांना सगळे काकू म्हणतात. मी अडखळत विचारलं, सरांनी जुनं काही लिहून ठेवलं आहे का, एखादी वही, एखादं पान.

काकू म्हणाल्या, "घरात काय नाय. पन मंगलकडं हाय ना. डोळखांबची मंगल. ती यायची वही घेवून. दोघं बसायची ओटीवर, हे सांगायचे नि ती लिवायची."

मी म्हटलं, "मला कधी बोलले नाहीत."

"तुमी येनार व्हत्या ना," काकू म्हणाल्या. "बाई आल्या की दाखवतो, म्हनायचे."

मी फोन ठेवला आणि टेबलावरची ती दोनशे पानी वही पिशवीत घातली.

मंगल मला आठवत होती. वेल्सच्या समोर पाड्याचं नाव लिहिणारी तीच. जोडवहीच्या त्या शेवटच्या वर्षी नववीत होती, वसतिगृहात राहायची. दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीवर गेले आणि तिलाही घेऊन गेले. ती परत आली नाही. मार्चमध्ये मी स्वतः हजेरीपटातून तिचं नाव कमी केलं आणि शेऱ्यात लिहिलं, वही जमा केलेली नाही.

बुधवारी शेजाऱ्यांच्या गाडीने मी डोळखांबला गेले आणि तिथून विचारत तिच्या पाड्यावर पोचले. मंगल आता अंगणवाडी चालवते. तिने मला ओळखलं, ओटीवर बसवलं, कोरा चहा दिला. मग समोर बसून म्हणाली, "बाई, माझं नाव कापलं व्हतं तुमी."

"हो."

"लाल शाईनं. मला पोरींनी सांगितलं."

"हो, लाल शाईने."

"बरं झालं," ती हसून म्हणाली. "नायतर वही तुमच्या कपाटात गेली असती."

तिने पत्र्याच्या पेटीतून वही काढली. भट्टीवर नेली होती, त्यामुळे कडांना विटेचा रंग लागलेला. पहिली नऊ डावी पानं भरलेली, दिवाळीपर्यंत झालेल्या नऊ धड्यांची. त्यानंतरची डावी पानं कोरी. उजवी मात्र पुढे चालूच राहिली होती. भट्टीवर लिहिलेली, लग्नानंतर लिहिलेली, आणि अखेरची सरांच्या ओटीवर, त्यांच्या गावचं सांगितलेलं.

इरा, तुझं उत्तर दुसऱ्या उजव्या पानावर आहे, गुलाब आणि थिसलच्या समोर. मंगलने आजीला विचारलं होतं, आपलं फूल कुठलं. आजी म्हणाली भारंगी, कारण पावसाळ्यात घरात दुसरं काही नसतं तेव्हा तिच्या फुलांची भाजी होते. खाली सरांच्या अक्षरात शेरा आहे, 'छान. आता आणखी तिघांना विचार.' आणि तिने विचारलं आहे. वडील म्हणाले पळस. शेजारीण म्हणाली कुडा. आजोबा म्हणाले भाताचं फूल, जे सकाळी थोडाच वेळ उघडतं आणि बांधावर असलेल्या माणसालाच दिसतं. सरांनी त्यातलं एकही खोडलेलं नाही.

मी वही दोन दिवसांसाठी घरी नेऊ का, असं विचारलं. मंगलने ती मांडीवर घेतली. "वही नाय द्यायची हां, बाई. हितंच बसा नि उतरा."

मी बसले. तीन दिवस रोज गेले आणि ती रेघा मारून ठेवलेली दोनशे पानी वही अखेर कामाला आली. या वेळी इंग्रजी सुधारलं नाही. चुका जशा आहेत तशा उतरल्या आहेत. डावी पानं मी कोरी सोडली आहेत. ती तुम्हा दोघांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत, तुम्ही भरा. वही येत्या आठवड्यात पोस्टाने निघेल.

आता शिल्लक काय आहे ते लिहिते. बावीस गाठोड्यांपैकी एकही पान नाही. माझ्या पुस्तिकेची एक प्रत माझ्याकडे आहे, उलट्या झेंड्याची. आणि मंगलची वही तिच्या घरी, पत्र्याच्या पेटीत आहे. तिच्यात उजवी पानं चौदा आहेत.